रिकाम्या रकान्यांची कारणं

सर, तुमच्या दहाव्याला मी सांगलीला आले होते. घाटाच्या पायऱ्यांवर बायका एका बाजूला बसल्या होत्या, तिथं काकूंच्या मागं बसले. जो तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मला बसवत नव्हतं. दोनदा उठून चप्पल घातली, दोनदा परत येऊन बसले. काकूंनी मागं वळून विचारलं, "स्वाती, पोटात दुखतंय का गं?" मी हो म्हटलं. तुमच्या घरातल्या माणसांशी बोललेलं माझं हे दुसरं खोटं. पहिलं तुमच्याशीच बोलले होते, फोनवर. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलेय.

लिहितेय म्हणजे भांडतेय असंच समजा. साताऱ्याच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचात तेव्हापासून आपलं चालूच आहे. तुम्ही खंडाळ्याचे, बोलायला मऊ आणि जागचे हलणार नाही असे. मी विट्याची, सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याची पोर, तोंडाळ. पहिल्याच चाचणीत मला पाच मार्क कमी पडले म्हणून मी स्टाफरूममध्ये येऊन तावातावानं बोलले होते. तुम्ही शांतपणे डबा खात ऐकून घेतलंत, पेपर परत तपासलात आणि आणखी दोन कापलेत. तरी पुढची तीन वर्षं मी तुमच्याच टेबलासमोरच्या बाकावर बसले. माझ्यासारखीला न घाबरणारं आणि न दबणारं कुणी असतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

रिटायर झाल्यावर तुम्ही सांगलीला मुलाकडं राहायला गेलात. तुमच्या वयाची माणसं बागेत फिरतात, तुम्ही एसटीनं विट्यावरून आटपाडीला यायला लागलात. मी तिथल्या एका छोट्या संस्थेत पाण्याच्या कामावर होते. आटपाडीच्या पुढच्या एका गावातल्या बेचाळीस विहिरी आपण धरल्या. दर अमावस्येला सकाळी, दोराला वजन बांधून, आत किती फूट पाणी उभं आहे ते मोजायचं. अमावस्याच का, तर त्या दिवशी गावात औत धरत नाहीत, बहुतेक मोटारीही बंद असतात, पाणी निवांत बसलेलं असतं आणि मालक घरी सापडतो. ही युक्ती तुमची. माझी असती तर मी महिन्याची पहिली तारीख धरली असती आणि निम्म्या विहिरींवर मोटार चालू असताना दोर सोडत बसले असते.

पहिल्या अवसेला वरच्या वस्तीवरचे बिरूतात्या हातात काठी घेऊन आडवे आले होते. मेंढरांमागं जन्म गेलेला माणूस, अंगानं वाळका, आवाजानं मोठा. "आवं सर, अवसंला हिरीत वाकू नये. वढून घेती ती माणसाला."

"म्हणून तर ही पोरगी आणलीया तात्या," तुम्ही म्हणालात. "हिला कोण वढत न्हाई. तोंड लय हाय."

तात्या इतके हसले की काठी टेकून खालीच बसले. त्या दिवसापासून वस्तीवर आपल्याला चहा सुरू झाला, शेळीच्या दुधाचा, आणि तुम्ही तो आवडत नसतानाही अकरा वर्षं प्यायलात.

मोजणं सोपं होतं. अवघड होतं ते मोजता न आलेलं लिहून ठेवणं, आणि तिथंच तुमचा जीव. कुठल्याच विहिरीत नव्वद फूट पाणी उभं राहत नाही, म्हणून नव्वदच्या पुढचे आकडे तुम्ही कारणांना दिले होते. विहीर कोरडी असेल तर ९१. दोर अडकला किंवा पुरला नाही तर ९२. घराला कुलूप, माणसं मेंढरं घेऊन चारणीला गेलीत तर ९३. घरात सुतक आहे म्हणून आपण दारातून मागं फिरलो तर ९४. मी म्हटलं होतं, सर, कोरडी असेल तर सरळ शून्य लिहू. तुम्ही विहिरीच्या काठावर बसून मला शिकवणी दिलीत. "शून्य म्हणजे पाणी तळाला टेकलंय. कोरडी म्हणजे ते तळाच्या खाली गेलंय, आणि किती खाली ते आपल्याला ठाऊक न्हाई. ठाऊक नसल्याला शून्य म्हणायचं न्हाई, पोरी." मी तेव्हा मान हलवली, कारण ऊन फार होतं.

हे सगळं तुम्ही त्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलं होतं, कॉलेजात वापरायचात त्याच. त्याची फाईल त्याच्याशिवाय कशातच उघडत नाही. पण तिला कळतं की ९१ हा आकडा नव्हे, कारण आहे. सरासरी काढताना ती त्याला बाजूला ठेवते, आणि विचारलं तर सांगते की कोरड्या इतक्या, कुलूपं इतकी, सुतकं इतकी. मला मात्र ती फाईल डोळ्यांत खुपायची. दरवर्षी परवान्यासाठी कुणाच्या तरी पाया पडायचं, आणि उद्या तो मिळाला नाही तर अकरा वर्षं कुलपात. मी म्हणायची, साध्या टेक्स्टमध्ये ठेवू. एका ओळीत एका विहिरीची एक नोंद, मध्ये स्वल्पविराम, बास. सीएसव्ही. पन्नास वर्षांनी कुठल्याही मशीनवर उघडेल.

"उघडंल गं. पण वाचता येईल का?"

"का नाही? अक्षरं तीच आहेत की."

"अक्षरं तीच. पण ९४ म्हणजे सुतक, हे त्याला कोण सांगंल? तू असशील का पन्नास वर्षांनी तिथं उभी?"

"तुमच्या सॉफ्टवेअरवाला तरी असेल का?"

यावर तुम्ही चष्मा पुसायचात. उत्तर नसलं की तुम्हाला चष्मा पुसायची सवय होती, आणि मला ते दिसलं की चेव यायचा. दोन वर्षं हेच. एसटीत, टपरीवर, बिरूतात्यांच्या अंगणात. एकाच गोष्टीवर आपलं जमायचं, की स्प्रेडशीटमध्ये मूळ नोंद ठेवायची नाही. गट नंबर १२/३ मधल्या विहिरीचं तिनं परस्पर बारा मार्च करून टाकलं होतं, त्यानंतर दर बारा मार्चला तुम्ही मला त्या विहिरीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायचात. आणि तालुक्याच्या ऑफिसातून पीडीएफ मागितली की म्हणायचात, "पीडीएफ म्हंजे काचंतली भाकरी. दिसती, खाता येत न्हाई." ते वाक्य मी अजून ऑफिसात वापरते, तुमचं नाव न सांगता.

एकदा मात्र तुम्ही मला घरच्या दुखऱ्या जागी धरलंत. आटपाडीच्या स्टँडवर चहा घेत होतो. "तुझ्या वडलांनी दुकानातला केर कधी बाहेर टाकला का?" तुम्ही विचारलंत. माझे वडील कोइमतूरला गलाईच्या दुकानात आयुष्य काढलेले. जमिनीवरची धूळ, हातपाय धुतलेलं पाणी, पोतेरं, सगळं साठवून ठेवायचे, कारण त्यात सोन्याचा कण असतो. मी म्हटलं, नाही टाकला. "मग माझा केर तू का टाकतीयास?" मी चिडून म्हणाले की टाकत नाही, दुसऱ्या पोत्यात भरतेय. "भर की. पण भरताना सांडतंय का ते बघ," असं म्हणून तुम्ही सांगलीची गाडी लागली म्हणून उठलात.

सांडलं, सर.

गेल्या पावसाळ्यानंतर परवाना संपत आला आणि पुढचा मिळणार नव्हता. त्याच आठवड्यात संस्थेनं जुने लॅपटॉप जमा करायला सांगितले. परवान्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते तेव्हा मी एका दुपारी बसून तुमची फाईल सीएसव्हीत काढली. काढताना एक चौकट येते: कारणांचे क्रमांक ठेवायचे का? ठेवायचे असतील तर खूण करा. मी खूण केली नाही. का केली नाही, हे मी इतक्या वेळा आठवून बघितलंय की आता काय खरं तेच कळत नाही. घाई होती. चौकट बारीक होती. किंवा वाचलीच नाही. नव्या फाईलच्या ओळी मोजल्या, त्या बरोबर होत्या. रकाने मोजले, तेही बरोबर. मधेमधे रिकाम्या जागा दिसल्या आणि मला वाटलं, रिकाम्या तर असणारच. तुमच्याबरोबर इतकी वर्षं हिंडून मला हे वाटलं. मग जुना लॅपटॉप पुसला आणि जमा केला.

संध्याकाळी तुमचा फोन. "झालं का गं?" झालं म्हटलं. "जुनी फाईल ठेवलीस ना?"

"ठेवलीय सर."

ठेवली नव्हती. दोन वर्षं भांडून मी जिंकले होते आणि जिंकल्यावर मला उलटतपासणी नको होती, एवढंच. खोटं इतकं सहज आलं की फोन ठेवून मी भाजी चिरायला बसले.

इथं तुम्हालाही दोन शब्द ऐकवणार आहे. कागद कुठं होता? विहिरीवरच्या चिठ्ठ्या फाईलमध्ये चढवल्या की तुम्ही फाडून टाकायचात. "दोन ठिकाणी लिहिलं की दोन खरं होतात," म्हणायचात. मी तेव्हाच म्हटलं होतं की सर, चिठ्ठ्या ठेवू. तुम्ही ऐकलं नाहीत. हे मी तुम्हाला समोर बसवून ऐकवणार होते, आणि मग तुम्ही चष्मा पुसला असतात.

मग गावची सभा आली. तिच्यासाठीच तर हा अकरा वर्षांचा दोर होता. तलावाच्या अंगाला पाचसहा खोल बोअर आहेत, त्यांच्या मोटारी उन्हाळ्यात दिवसरात्र चालतात, आणि वरच्या वस्तीवरच्या उथळ विहिरी आटत जातात. तुमचं म्हणणं एवढंच होतं की उन्हाळ्यात बोअरवाल्यांनी एक दिवसाआड मोटार लावावी. आधीच्या वर्षी तुम्ही तयार केलेला तक्ता मी पाहिला होता, त्यात कोरड्या विहिरींची वेगळी ओळ असायची. या खेपेला तक्ता मी केला, नव्या फाईलवरून. तुम्हाला मोतिबिंदूच्या ऑपरेशननं स्क्रीनकडं बघायची बंदी होती. "तू केलायस म्हंजे झालं," म्हणालात आणि भिंतीवर पडदा लावून उभे राहिलात.

पडद्यावरची रेघ माघापासून खाली येत होती आणि वैशाखात वर चढत होती.

मी लॅपटॉपपाशी बसले होते. सगळं एका क्षणात कळलं. वैशाखात वस्तीवरच्या विहिरी कोरड्या, म्हणजे त्यांचे रकाने रिकामे. सरासरी निघाली ती उरलेल्या, तलावाकडच्या विहिरींची, आणि त्यांत तर पाणी असतंच. जितक्या जास्त विहिरी आटतील तितकं माझ्या फाईलमध्ये पाणी वाढणार होतं.

बिरूतात्या उठले. "सर, येशाखात माझ्या हिरीत बेडूक सुदीक न्हवता. तुमच्या भितीवर पाणी कुठनं आलं?"

लोक हसले. तलावाकडचा एक बोअरवाला म्हणाला, "पाणी वाढाय लागलंय तर मोटारी कशापायी बंद करायच्या? सरांचाच आकडा हाय की." तुम्ही पडद्याजवळ गेलात, ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी अगदी नाक लावून रेघ बघितलीत. मग वळून म्हणालात, "माझं कायतरी चुकलंय. मला येळ द्या." आणि मी तुमच्या मागं दहा फुटांवर बसून चार्जरची वायर गुंडाळत होते. तोंड लय हाय, असं जिच्याबद्दल तुम्ही गावभर सांगितलं होतं, ती.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीतून बघत राहिलात. विट्याला मी उतरले तेव्हा म्हणालात, "स्वाती, वैशाखाचं परत एकदा बघ गं." मी म्हटलं, बघते. नंतर तीनदा तुमचा फोन आला आणि तिन्ही वेळा मी बघते म्हटलं. चौथ्यांदा तुम्ही वैशाखाचं काढलंच नाहीत, माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवलात. त्या महिन्याच्या अवसेला तुम्ही मला म्हणालात की तू येऊ नकोस, ऑफिसातली कामं उरक. मला बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं. तिकडं गावात नसलेली गोष्ट कुणी आहे म्हटली की माणसं 'सरांचं पाणी' म्हणायला लागली होती, हे मला ऑफिसात कुणीतरी हसत हसत सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि डब्यातली पोळी खात राहिले.

त्या अवसेनंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात. सकाळी चहा पिता पिता, असं तुमच्या मुलानं सांगितलं. मी पहिला विचार काय केला असेल सर? 'आता त्यांना सांगायला नको.' तो विचार आला आणि गेला, एवढासाच, पण मी त्याला बघितलं. त्या दिवसापासून माझ्या पायाला चक्र आहे. स्वयंपाक करता करता दारात जाते, दारातून परत येते, गॅस बंद केला का बघते. रागही येतो तुमचा. निदान शिव्या देऊन तरी जायचं होतंत.

दहाव्याहून परतताना काकूंनी माझा हात धरला. "तुझं नाव लय घ्यायचे," म्हणाल्या. "म्हणायचे, ती भांडती म्हणून मी सरळ राहतो." मला तिथं सांगून टाकता आलं असतं. पण काकूंना सांगून काय? त्यांना विहिरी ठाऊक नाहीत. चूक जिथं झाली तिथंच फेडावी लागणार होती, आणि ती साऱ्या गावासमोर झाली होती.

मग मी बेचाळीस घरं धरली. विहीर कवा कोरडी होती, कवा घरची माणसं गावात नव्हती, कवा घरात कुणी गेलं होतं, असं दारोदार विचारत सुटले. लोकांना तारखा आठवत नाहीत, पण बाकी सगळं आठवतं. "थोरलीचं लगीन झालं त्या साली टँकरचं पाणी वाढलं हुतं पंगतीला." "तवा आमी मेंढरं घिऊन कऱ्हाडाच्या अंगाला हुतो." एका घरातल्या वहिनी म्हणाल्या, "तवा सासऱ्यांचं झालं हुतं. सर दारातनं वळून गेलं. म्होरल्या अवसंला आलं ते आधी घटकाभर बसलं, च्या घेतला, मग हिरीकडं गेलं. ध्येनात हाय माझ्या." मी वहीवर मान खाली घालून लिहीत होते, म्हणून बरं. तुमच्या ९४ मध्ये एवढं सगळं होतं आणि मी त्याची एक रिकामी जागा केली होती. वस्तीवरच्या सगळ्या विहिरींचं बिरूतात्यांनी एकट्यानं सांगितलं. मी त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं, 'नोंदी नीट करतेय' एवढंच म्हटलं होतं. त्यांनीही काही विचारलं नाही, फक्त चहा दिला. तुमच्यासारखाच मीही तो प्यायले.

नवी फाईल साधी टेक्स्टच आहे सर. इथं मी हटणार नाही. पण आता पाण्याच्या रकान्यात फक्त पाणी आणि शेजारी कारणाचा वेगळा रकाना, क्रमांक नव्हे, मराठीत शब्द: कोरडी, दोर पुरला नाही, चारणीला, सुतक. त्याच फोल्डरमध्ये दुसरी साधी फाईल, तिच्यात कुठल्या रकान्यात काय आणि का, ते लिहिलंय, शून्य आणि कोरडीचं तुमचं म्हणणंही तुमच्या नावानं. तुम्ही म्हणाल, दोन फायली केल्यास, त्यातली एक हरवली की? म्हणून कारणं दोन्हीकडं वाचता येतील अशी ठेवलीत, आणि सगळ्याची एक प्रत ऑफिसात, एक माझ्याकडं, एक गावात पंचायतीत. आणखी एक रकाना वाढवलाय, 'कुणी सांगितलं'. कारण ही कारणं आता मोजलेली नाहीत, आठवलेली आहेत, आणि जी आठवली नाहीत तिथं 'माहीत नाही' असं लिहिलंय. तसे बरेच आहेत. कारणाशिवाय एकही जागा रिकामी नाही. तुम्ही याच्यातही काहीतरी खोट काढली असतीत, आणि ती काय असती हे मी रोज शोधतेय.

काल गावात पुन्हा सभा झाली. मी बोलायला उठले. म्हटलं, मागच्या सभेतला तक्ता चुकीचा होता आणि तो सरांनी केलेला नव्हता, मी केला होता. फाईल बदलताना कारणं गळली, ती माझ्या हातून. जुनी फाईल मी पुसून टाकली. सरांनी विचारलं तेव्हा ठेवलीय म्हणून खोटं सांगितलं. सभेत ते चूक अंगावर घेत होते तेव्हा मला ठाऊक झालं होतं आणि मी गप्प बसले. सरांचा एकही आकडा चुकलेला नव्हता. मग नवा तक्ता लावला. वैशाखात बेचाळीसपैकी कोरड्या किती, ती ओळ पडद्यावर आली आणि मागच्या वेळी हसलेली माणसं ती मोठ्यानं वाचायला लागली, आपापल्या विहिरीचं साल हुडकत. दोन बोअरवाल्यांनी एक दिवसाआड मोटार लावायचं कबूल केलं. तिसरा म्हणाला, बघू. उरलेले आलेच नव्हते. एवढंच झालं, जास्त काही झालं नाही.

सभा उठल्यावर बिरूतात्या काठी टेकत आले. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावंच त्यांनी. ते शेजारी बसले.

"सर आलं हुतं माझ्याकडं. जायच्या आधीच्या अवसंला. एकलंच."

मी म्हटलं, काय म्हणाले?

"म्हणलं, तात्या, आकडं बरोबर हाईत, कारणं गळाल्याती. कुठली हीर कवा आटली सांगा. मी समदं सांगितलं, त्यास्नी डोळ्यांपायी लिवता येत न्हवतं, नुसतं आयकलं." तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी म्हणलं, सर, ते काम पोरीचं हाय न्हवं? तिलाच इचारा की. तर म्हणलं, न्हाई. इचारायचं न्हाई. ती सांगंल."

"मी तुमच्या दारात आले होते तात्या. दोन तास बसले होते. तेव्हा का नाही बोललात?"

"मला म्हणलं हुतं, तिचं तिला सांगू द्या. तू सांगायच्या आधी मी कसा बोलू?" ते उठले. "मी म्हणलं हुतं त्यास्नी, आन् न्हाई सांगितलं तर? तर म्हणलं, सांगंल वो. मी हाय की."

ते गेले, आणि मी त्या रिकाम्या सतरंजीवर बसून राहिले, पंचायतीचा शिपाई कुलूप घेऊन येईपर्यंत.

म्हणजे ते तीन फोन मी आपणहून सांगावं म्हणून होते. आणि चौथा, आईच्या गुडघ्याचा, तोसुद्धा. मी 'बघते' म्हणून फोन ठेवला की तुम्ही पलीकडं काय करत होता सर? काकूंना काही म्हणत होता का? मला आता सगळ्या गावाला तोंड दाखवता येतं, आणि अजून माझ्यानं एका जागी बसवत नाही.

काल बेचाळीस घरच्या माणसांसमोर सांगितलं, आज सकाळी काकूंना फोन करून सांगितलं. तुम्ही एकटेच राहिलात. सर, जुनी फाईल मी ठेवली नव्हती.